आतून लागणारी कडी

घरं दाखवणाऱ्या एजंटने, शिवाप्पाने, फोनवर विचारलं, "मॅडम, वन बीएचके चाहिए या टू?" आणि सुखदा म्हणाली, "वन."

ती मारतहळ्ळीतल्या ऑफिसच्या जिन्यात उभी होती. फोन ठेवल्यावर तिने उगाचच वर-खाली पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. तरीही चोरी केल्यासारखं वाटलं आणि तसं वाटल्याचा रागही आला. एक खोली मागितली, त्यात गुन्हा काय? ती पुन्हा मीटिंगमध्ये जाऊन बसली. पुढची चाळीस मिनिटं कोण काय बोललं ते तिला कळलं नाही.

सुखदा सदतीस वर्षांची. मूळची नागपूरची, नऊ वर्षांपासून बंगळूरमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत. लग्न जमलं नव्हतं, आणि पुढे तिने जमवायचंच सोडून दिलं होतं. ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर एक वन बीएचके, एक स्कूटर, रविवारी दुपारची झोप. हे तिला पुरत होतं. मग एका दिवाळीनंतर आई गेली आणि नंदू तिच्याकडे आला.

नंदू तिचा धाकटा भाऊ, एकतीस वर्षांचा. जन्माच्या वेळी त्याला श्वास उशिरा आला होता. बोलतो सावकाश. सुट्टे पैसे मोजताना गडबडतो. कुणी घाई केली की जागीच थांबतो आणि मग हलतच नाही. डॉक्टर त्याच्या बुद्धीचा आकडा सांगायचे, तेव्हा आई तिथून उठून जायची. नागपुरात घराच्या मागच्या बाजूला त्याची खोली होती आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात तो अकरा वर्षं बाइंडिंगचं काम करत होता. आई गेल्यावर चार महिन्यांत मोठ्या भावाने, श्रीहर्षने, ते घर विकलं. 'नंदूला तिथे एकटं कोण बघणार?' असा त्याचा प्रश्न होता. श्रीहर्षचं पुण्यातलं घर दोन मुलांनी आणि सासूबाईंनी भरलेलं. म्हणून नंदू दोन बॅगा घेऊन बंगळूरला आला आणि सुखदाच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागला.

आठ महिने झाले होते. सुखदाला रोज राग यायचा, आणि तो कुणावर काढायचा हे कळायचं नाही. नंदू तिला ऑफिसात दिवसाला दहा-अकरा फोन करायचा. दूध उतू गेलं. गॅसवाला आलाय. टीव्हीचा आवाज गेला. एकदा तो गॅस चालू ठेवून झोपला. एकदा अमेरिकेशी चाललेल्या कॉलमध्ये मागून बनियनवर फिरला आणि टीममधला कुणीतरी हसला. त्या दिवशी तिने रिमोट भिंतीवर आपटला होता. रिमोटचे तुकडे गोळा करून नंदूने ते सेलोटेपने जोडायचा प्रयत्न केला, आणि ते बघून तिला आणखीच राग आला.

शेवटी एका गुरुवारी तिने श्रीहर्षला फोन करून सांगितलं, "दादा, माझ्याने होत नाही."

श्रीहर्ष जणू या वाक्याचीच वाट बघत होता. मुळशीच्या रस्त्याला एक संस्था आहे, स्वच्छ आहे, भाजीपाल्याचा मळा आहे, अशी मुलं तिथे आनंदात असतात, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. 'अशी मुलं' हा शब्द तिला लागला. पण ती "बघू" म्हणाली. दोन दिवसांनी "ठीक आहे" म्हणाली. आधी एक महिना ठेवून बघायचं ठरलं. नंदूला मात्र 'दादाकडे पुण्याला जायचंय' एवढंच सांगायचं.

नेमकं त्याच आठवड्यात घरमालकाने महिनाअखेर फ्लॅट रिकामा करायला सांगितलं. त्याचा पुतण्या राहायला येणार होता. म्हणूनच तो शिवाप्पाचा फोन, आणि म्हणूनच ते 'वन'.

पुढच्या शनिवारी सकाळी श्रीहर्ष पुण्याहून बसने आला. रविवारी संध्याकाळी तो नंदूला घेऊन परत जाणार होता. अंघोळ, चहा झाल्यावर म्हणाला, "चल, फ्लॅट बघायला मी येतो. एकटी बाई बघितली की हे लोक फसवतात." सुखदाला सांगावंसं वाटलं, की नऊ वर्षांत मी या शहरात पाच घरं बदलली, त्यातल्या एकाही वेळी तू नव्हतास. पण सकाळीच भांडण नको म्हणून ती गप्प राहिली. नंदूला घरी एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून तोही निघाला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि भांग पाडला.

शिवाप्पा इमारतीच्या गेटाशी मोटरसायकलला टेकून उभा होता. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, हातात किल्ल्यांचा जुडगा. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके त्याने उघडला. फ्लॅट चांगला होता. स्वयंपाकघराला उजेड, बाथरूमच्या टाइल्स नव्या, बाल्कनीतून नारळाचं एक झाड दिसत होतं. श्रीहर्षने नळ सोडून बघितले, भिंतींवर हात फिरवला आणि समाधानाने म्हणाला, "मस्त आहे. एकटीला बस्स झालं."

नंदू हॉलच्या मध्यभागी उभा होता. त्याने विचारलं, "ताई, मी कुठे झोपू?"

शिवाप्पाला मराठी थोडं कळत होतं आणि बाकीचं काही ठाऊक नव्हतं. तो मोकळेपणाने म्हणाला, "इधर, हॉल में. हॉल बड़ा है ना भैया."

श्रीहर्ष हसला. सुखदा नळाकडे बघत राहिली. आता सांगायला हवं, असं तिला वाटलं. आणि ती काहीच बोलली नाही. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचा जो राग येत राहिला, तो सगळ्यात जास्त या क्षणाचा होता.

"मॅडम, ऊपर चौथे फ्लोर पे एक टू भी खाली है," शिवाप्पा म्हणाला. "ओनर अभी आया हुआ है. मराठी आदमी है, आपके तरफ का. देख लो, देखने में क्या है."

"गरज नाही," श्रीहर्ष म्हणाला.

"बघू या," सुखदा म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. श्रीहर्ष नको म्हणाला, एवढंच कारण असावं.

मालकाचं नाव बिंदुमाधव. सत्तरीच्या जवळचे, जे. पी. नगरला राहणारे, सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. चार पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं इकडे आलं होतं. त्यांचं मराठी कानडीत भिजलेलं होतं. "अय्यो, नागपूरची माणसं काय! या की, या. चप्पल असू द्या, स्वल्प धूळच आहे." घरात मराठी ऐकून सुखदाला खरंच बरं वाटलं. नंदूने हात जोडून "नमस्कार काका" म्हटलं. बिंदुमाधवनी त्याच्या खांद्यावर थोपटून "काय करता?" विचारलं. नंदू म्हणाला, "बाइंडिंग." "सरी, सरी, बरं," म्हणत ते पुढे गेले. त्यांनी मोठी बेडरूम दाखवली, कपाटं दाखवली, देवघराचा कोनाडा दाखवला.

तेवढ्यात मागे कडी लागल्याचा आवाज झाला.

नंदू लहान बेडरूममध्ये गेला होता. त्याने दार लावून घेतलं होतं आणि आतून कडी घातली होती.

"नंदू?" सुखदाने दारावर टकटक केलं. "अरे, चल. आपल्याला निघायचंय."

आतून आवाज आला, "मी इथे थांबतो."

"इथे कसं थांबणार? हे दुसऱ्यांचं घर आहे."

"ही माझी खोली आहे."

श्रीहर्ष पुढे आला आणि त्याने तळहाताने दारावर थापा मारल्या. "नंदू! तमाशा करू नकोस. दार उघड. एक, दोन..." लहान मुलाला मोजतात तसं तो मोजायला लागला. सुखदाचा चेहरा तापला. तिला लाज वाटत होती. मालकांची, शिवाप्पाची. आतल्या नंदूचा तिला संताप आला होता. नेमकं आजच, नेमकं इथे, चारचौघांत!

"तीन!" श्रीहर्ष ओरडला. काहीच झालं नाही.

"बाहेर ये, आपण आइस्क्रीम खाऊ," तो आवाज बदलून म्हणाला.

"मला आइस्क्रीम नको. मला पुण्याला नाही जायचं. तू मला संस्थेत ठेवणार आहेस."

श्रीहर्षने सुखदाकडे बघितलं. "तू सांगितलंस?"

"नाही."

"कुणी सांगितलं तुला?" त्याने दाराला विचारलं.

"कुणी नाही. ताई फोनवर बोलून राहिली होती. मी हॉलमध्येच होतो." नंदू थांबला. तो पुढचं वाक्य जुळवत असताना नेहमी असाच थांबतो. "मी हॉलमध्येच असतो. सगळं मला ऐकू येतं. तुम्हाला वाटते मी टीव्ही पाहतो."

सुखदा दारापाशी उभी होती. तिचा हात अजून दारावरच होता.

"नंदू," ती म्हणाली, "मीच म्हणाले होते दादाला. माझ्याने होत नाही असं."

"माहीत आहे."

"मला राग येतो रे. थकते मी."

"तू चिडतेस," आतून आवाज आला, आता जरा मोठा. "चिडलीस की आत जातेस आणि दार लावतेस. मला पण राग येतो. मी कुठे दार लावू? मी कपडे पण बाथरूममध्ये बदलतो. कामवाली येते तेव्हा मी उठून बसतो. माझी खोली होती नागपूरला. तुम्ही विकून टाकली. मला विचारलं नाही. मला कोणीच विचारलं नाही!" शेवटचे शब्द त्याने ओरडून म्हटले आणि आतून दारावर काहीतरी आदळलं. बहुतेक त्याचीच मूठ.

आठ महिन्यांत नंदू एकदाही ओरडला नव्हता. सगळे म्हणायचे, किती शांत आहे.

श्रीहर्ष शिवाप्पाला म्हणाला, "दुसरी चाबी है क्या?" कडीला कसली किल्ली! मग तो म्हणाला, "धक्का देना पड़ेगा," आणि त्याने दाराला खांदा लावला.

सुखदाने त्याचा शर्ट मागून धरून ओढला. इतक्या जोरात, की शर्टाचं एक बटण उडालं. "हात लावू नकोस त्या दाराला!"

"वेडी झालीस का? तो आत काही करून घेईल!"

"काही करून घेत नाहीये. चिडलाय तो. माणूस चिडतो."

"हे बघ, सुखदा, म्हणूनच मी सांगत होतो. हे तुझ्या एकटीच्या हातातलं नाही. आठ महिने मला फोन करून रडत होतीस ना?"

"हो, रडत होते. आणि तू आठ महिन्यांत किती वेळा आलास? आज. त्याला घेऊन जायला. त्याचं घर चार महिन्यांत विकून मोकळा झालास."

"आपलं घर होतं ते."

"त्याचं होतं! तू पुण्यात, मी इथे. तिथे राहत होता तो. आईला औषध देत होता तो. शेवटी शेवटी आईला उठवून बसवत कोण होतं? तू की मी?"

श्रीहर्षचा आवाज एकदम खाली आला. "कागदांवर सही तूही केलीस, सुखदा."

"केली," ती म्हणाली. "केली मी सही. न विचारता केली."

बिंदुमाधव मघापासून हातांची घडी घालून उभे होते. आता त्यांनी घसा साफ केला. "हे बघा, आधी त्याला बाहेर काढा. असा मेंटल केस असला तर आधी सांगायला पाहिजे होतं की नाही, अम्मा?"

"काय म्हणालात?"

"रागावू नका. माझं काही नाही हो. असोसिएशनवाले ऐकणार नाहीत. लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये. तुम्ही खालचा घ्या की. एकट्या राहा सुखाने. कुणी काही म्हणणार नाही."

परत तोच शब्द. एकटी. सकाळपासून सगळेजण तिला एकटी करायला निघाले होते, आणि त्यातली पहिली तीच होती. फोनवर, जिन्यात, एका शब्दात.

"काका," ती म्हणाली, "दहा मिनिटांपूर्वी तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. तो तुम्हाला नमस्कार म्हणाला. अकरा वर्षं त्याने दुकानात नोकरी केली. तो केस नाही. लहान मुलांना त्याच्यापासून काही होत नाही. तुमच्या असोसिएशनमधले किती लोक आईला बेडपॅन देतात ते विचारून सांगा मला."

"अय्यो, मी काय एवढं..."

"आता सगळे बाहेर चला. त्याला आत हवा तेवढा वेळ बसू द्या."

"माझं घर आहे हो!"

"घर पळून जात नाही. चला."

ती खरोखरच तिघांना दाराबाहेर घेऊन गेली. बिंदुमाधव कानडीत शिवाप्पाला काहीतरी सुनावत होते. शिवाप्पा मान डोलावत होता. श्रीहर्ष बटण तुटलेला शर्ट एका हाताने धरून लिफ्टजवळ जाऊन उभा राहिला. सुखदा आत परतली आणि लहान बेडरूमच्या दाराला पाठ लावून फरशीवर बसली. "मी इथे आहे," ती म्हणाली. "घाई नाही."

आतून खिडकी उघडल्याचा आणि बंद केल्याचा आवाज आला. पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. पंचवीस मिनिटं गेली. त्या वेळात तिला रडू आलं नाही. राग मात्र जागचा हलला नाही. फक्त कुणाकुणावर आहे, ते एकेक करून स्पष्ट होत गेलं.

मग कडी निघाली. नंदूचे डोळे लाल होते, केस मात्र त्याने बोटांनी नीट बसवले होते.

"खिडकी लागत नाही नीट," तो म्हणाला. "ही नको."

खाली पार्किंगमध्ये श्रीहर्षने तिकिटाचा विषय काढला. सुखदाने नंदूला विचारलं, "तुला पुण्याला जायचंय?"

"नाही."

"मग नाही जायचं."

"भावनेच्या भरात ठरवू नकोस," श्रीहर्ष म्हणाला. तो थकल्यासारखा दिसत होता. "परवा पुन्हा मला फोन करशील. मी वाईट माणूस नाही गं. मलाही काही सुचत नाही, म्हणून शोधली संस्था."

"तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. मला तुझा राग आलाय, एवढंच. आणि फोन करावासा वाटला तर करीन. पण या वेळी त्याच्यासमोर करीन."

श्रीहर्ष त्याच संध्याकाळच्या बसने गेला. जाताना त्याने नंदूच्या डोक्यावर हात ठेवला. नंदू मागे सरकला नाही.

सोमवारी सुखदाने शिवाप्पाला फोन केला. "टू," ती म्हणाली.

"पहले बोलना था ना, मॅडम," तो वैतागून म्हणाला. बिंदुमाधवनी त्याला चांगलंच झापलं होतं. "ठीक है. लेकिन एक काम करो. भैया के बारे में मत बताओ. बोलो, गाँव से आता-जाता है."

"नहीं. पहले बताना. फोन पे ही बताना. जिसको नहीं चलता, उसका घर मुझे देखना ही नहीं."

"फिर मुश्किल होगा."

मुश्किल झालंच. बारा दिवसांत सहा जणांनी नाही म्हटलं. एकाने विचारलं, मारतो का? एकीने सांगितलं, आमच्याकडे फक्त फॅमिली. सुखदाने विचारलं, भाऊ-बहीण म्हणजे काय आहे मग? त्यावर त्या बाईने फोन ठेवून दिला. एकाने थ्री बीएचके सुचवला, म्हणजे 'त्याला' मागच्या खोलीत ठेवता येईल आणि कुणाला दिसणार नाही. मोटरसायकलवर मागे बसल्या-बसल्या सुखदा त्याला फोनवर जे बोलली, ते ऐकून शिवाप्पाने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली आणि तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "मॅडम, आपका गुस्सा बहुत खराब है." आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच मालकांशी आधी भांडून घ्यायला लागला. कारण काय, ते तिने विचारलं नाही. कदाचित त्यालाही आता चीड आली असावी. कदाचित त्याला हे काम एकदाचं उरकायचं असावं.

घर मिळालं ते थेट येलहंकाला. जुन्या गावाच्या बाजूला, स्टेशनजवळ, तळमजल्यावर. ऑफिसपासून पार दुसऱ्या टोकाला. मालकीणबाई निवृत्त नर्स होत्या, शेजारच्याच घरात राहायच्या. नंदूबद्दल ऐकून त्या चांगल्या-वाईट काहीच म्हणाल्या नाहीत. "पाणी सकाळी सहाला येतं, भरून ठेवायचं. पंप मी लावणार नाही," एवढंच त्यांनी हिंदीत सांगितलं. घर पाच महिने रिकामं होतं आणि त्यांना भाडेकरू हवा होता.

"तू बघ," सुखदा नंदूला म्हणाली. "आवडलं तर घेऊ."

नंदूने अर्धा तास लावला. दोन्ही खोल्यांत जाऊन त्याने दार लावून पाहिलं, कडी घालून पाहिली, खिडक्या उघडून-मिटून पाहिल्या. मालकीणबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. शेवटी तो बाहेर आला आणि म्हणाला, "ही."

त्याने मोठी खोली निवडली होती.

सुखदा क्षणभर बघतच राहिली. मोठी खोली तिची असणार, हे तिने गृहीतच धरलं होतं. भाडं ती भरणार होती. दोन तासांचा प्रवास ती करणार होती. "नंदू, मला ऑफिसचं टेबल लावायचंय. दोन स्क्रीन असतात माझे."

"मला पण टेबल पाहिजे."

"तुला कशाला?"

"मला पाहिजे."

"अरे, लहान खोलीत टेबल बसतं की तुझं!"

"मग तुझं बसव."

"प्रत्येक गोष्टीत तुझंच चालणार का?" ती ओरडली. "विचारलं म्हणून काहीही मागशील?"

"तू म्हणाली आवडलं तर सांग! मग विचारायचंच नाही ना!" तोही ओरडला.

मालकीणबाईंना भाषा कळत नव्हती, पण भांडण कळलं. त्या मध्येच म्हणाल्या, "बड़े रूम में ट्रेन का आवाज़ आता है. पूरा दिन."

दिवसभर कॉल आणि मागे गाडीचा भोंगा, हे सुखदाच्या डोळ्यांसमोर आलं. नंदूला तिने विचारलं, "तुला चालेल आवाज?"

"मला आवडते गाडी."

लहान खोली तिने घेतली. आनंदाने नाही. करारावर सही करताना आणि परतीच्या बसमध्येही तिच्या मनात ते घोळत होतं. नंदू खिडकीतून बाहेर बघत होता.

आता या घरात येऊन तीन महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस सुखदा पहाटे उठून पाणी भरते आणि दोन तास जायला, दोन तास यायला घालवते. हेब्बाळच्या पुलावर बस अडकली की कधीकधी तिला तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आठवतो, नव्या टाइल्सचा, नारळाच्या झाडाचा. आठवतो हे ती स्वतःपासून लपवत नाही. श्रीहर्ष दर रविवारी फोन करतो. आधी नंदूशी बोलतो, मग तिच्याशी, दोन-दोन मिनिटं. दोघांच्या बोलण्यात अजून खरखर आहे. घराच्या सहीचा विषय अजून कुणी काढलेला नाही. तो काढावा लागणार आहे, हे तिघांनाही माहीत आहे.

नंदू दिवसाला तीनच फोन करतो. सकाळी तो एकटा बाजारात जातो. भाजीवाली त्याला अण्णा म्हणते. गेल्या शनिवारी सुखदाने त्याला हिरव्या मिरच्या आणायला सांगितलं, आणि तो दोन किलो मिरच्या घेऊन आला. फुगलेली पिशवी त्याने ओट्यावर ठेवली.

"दोन किलो!" सुखदाने कपाळावर हात मारला. "नंदू, घरात माणसं किती? दोन किलो मिरच्या कोण खाणार? तुला एवढंही कळत नाही?"

"तू किती ते सांगितलं नाही," तो म्हणाला. "मिरच्या आण म्हणालीस. मी आणल्या. तू नीट सांगत जा ना!"

"आता मीच चुकले?"

"हो."

ती पिशवी परत न्यायला निघाली, पण चप्पल घालेपर्यंत तिच्या लक्षात आलं, की भाजीवाली एव्हाना उठून गेली असणार. तिने चप्पल भिरकावली, परात घेतली आणि मिरच्या त्यात ओतल्या. थोड्यांचा ठेचा होईल, बाकीच्यांना मीठ-लिंबू लावून उन्हात ठेवता येईल. ती खाली बसली. नंदू थोडा वेळ दारात उभा राहिला. मग तोही समोर येऊन बसला आणि एकेक मिरची उचलून देठं काढायला लागला.

"डोळ्याला हात लावू नकोस," ती रागातच म्हणाली.

"माहीत आहे मला," तोही रागातच म्हणाला.